गेटला पाय अडकला, हे आज रात्री घरात सांगा

पत्राचा सारांश: सिंहगड रस्त्याच्या बाजूला रो-हाउसमध्ये राहणाऱ्या ६७ वर्षांच्या एका आजींचं हे पत्र. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला नोकरीला. सकाळी साडेआठला घर सोडतात, परतायला साडेसात वाजतात. मधला सगळा वेळ चौदा महिन्यांचा नातू आजी-आजोबांकडे. तो चालायला लागला तशी सुनेने ऑनलाइन तीन सेफ्टी गेट मागवली. एक जिन्याच्या वरच्या तोंडाशी, एक खाली आणि एक स्वयंपाकघराच्या दारात. तिन्ही गेट भिंतींमध्ये दाबून बसवायची, खाली आडवी पट्टी असलेली. एका हाताने खटका दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने दार उचलून ढकलायचं. आजींच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि अंगठ्यात जोर राहिलेला नाही. त्यामुळे स्वयंपाकघराचं गेट दिवसभर उघडंच असतं. सुनेने ते मोबाइलवर कॅमेऱ्यात पाहिलं आणि संध्याकाळी आल्यावर म्हणाली, "आई, गेट परत उघडं होतं." मागच्या आठवड्यात गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली येताना आजींचा पाय जिन्याच्या वरच्या गेटच्या पट्टीत अडकला. कठडा हाताशी होता म्हणून सावरल्या. हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या लिहितात, "सदाशिव पेठेतल्या वाड्यात, लाकडी जिन्यावर मी दोन मुलं वाढवली. कुणाला साधं खरचटलं नाही. आता माझ्याच घरात मला पिंजऱ्यातून ये-जा करावी लागते. गेटं काढून टाका म्हणू, की नातवासाठी गप्प बसू?" जाता जाता त्यांनी असंही विचारलं आहे की शेजारच्या बाई त्यांच्या नातीचा वॉकर देतायत, तो घ्यावा का.

काकू, नमस्कार.

बाकीचं सगळं नंतर, आधी एक काम. जिन्याच्या गेटला पाय अडकला होता, हे आज रात्री जेवताना मुलाला आणि सुनेला सांगून टाका. शनिवार-रविवारची वाट बघू नका. हे सांगितलं तर "आईंना आता झेपत नाही" असा अर्थ निघेल, अशी धास्ती तुम्हाला वाटत असावी. पत्रात तसं कुठे लिहिलेलं नाही, पण आठवडाभर लपवून ठेवण्याचं दुसरं कारण मला दिसत नाही. पुढच्या वेळी हातात कपड्यांची टोपली नसेल, नातू असेल. तेवढ्यासाठी तरी बोला.

आणि बोलताना अवघडून जाऊ नका, कारण यात तुमच्या वयाचा काही दोष नाही. ते गेटच चुकीच्या जागी लागलं आहे. दाबून बसणाऱ्या गेटच्या चौकटीला चार कोपऱ्यांत स्क्रूचे दांडे असतात आणि त्यांच्या टोकांना रबरी टोप्या. दांडे फिरवून घट्ट केले की टोप्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना रेटा देतात आणि त्या रेट्यावर अख्खं गेट उभं राहतं. रेटा पेलायचा तर चौकट खालून जोडलेली लागते, म्हणून ती पट्टी. ती कापून टाकता येत नाही. सपाट जमिनीवर, दोन खोल्यांच्या मधे असं गेट चालून जातं. जिन्याच्या वरच्या तोंडाशी मात्र ते लहानांना आणि मोठ्यांना, दोघांनाही नडतं. मूल गज धरून रोज गदागदा हलवतं, ऑइल पेंटवर रबर थोडं थोडं सरकत राहतं आणि एखाद्या दिवशी गेटसकट मूल खाली जाऊ शकतं. मोठ्या माणसाच्या पायात ती पट्टी येते नेमकी पहिल्या पायरीच्या आधी, आणि हातात सामान असलं की ती दिसतही नाही. हे गेट जिन्याच्या वर लावू नका, असं बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तुमच्याकडचं माहितीपत्रक खोक्याबरोबर रद्दीत गेलं असणार.

म्हणजे वरचं गेट काढाच, पण त्या जागी दुसरं बसवा. तिथे भिंतीत स्क्रूने पक्कं केलेलं, खाली पट्टी नसलेलं गेट लागतं. ते पॅसेजच्या बाजूला उघडायला हवं. जिन्याच्या बाजूला उघडणारं दार लोटताना माणूस त्याच्याबरोबर पुढे झुकतो आणि पुढे तर पायऱ्या असतात. रो-हाउसमध्ये साधारण एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला स्टीलचा कठडा असतो. कठड्याच्या पाइपला भोकं पाडायची गरज नाही. क्लॅम्पने एक लाकडी पट्टी पाइपला आवळायची आणि गेटची एक बाजू त्या पट्टीवर घ्यायची. भिंतीच्या बाजूला मात्र स्क्रू विटेपर्यंत गेला पाहिजे, चांगल्या रावल प्लगमध्ये. नुसत्या प्लास्टरवर किंवा पीओपीवर बसवलेलं गेट मूल हलवून हलवून सैल करतं.

असं गेट ऑनलाइनही मिळतं. युरोपातल्या ईएन १९३० या मानकाचा उल्लेख असलेलं मिळालं तर बघा, ते मानक खास मुलांसाठीच्या अशा अडसरांचं आहे. पण ओळखीचा सुतार असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणवून घरच्या मापाचं करून घेणं मला जास्त पटतं. जिन्याची रुंदी प्रत्येक घरात वेगळी असते आणि तुमच्या हाताला सोसेल अशी खिट्टी तुम्ही स्वतः निवडू शकता. सुताराला एवढं बजावा: गज उभेच हवेत, आडवे चालणार नाहीत, कारण आडवा गज म्हणजे मुलाला पायरीच. दोन गजांमधली फट सहा सेंटिमीटरच्या आत. उंची जमिनीपासून पाऊण मीटर तरी. खालून दोन बोटांपेक्षा जास्त जागा सुटायला नको. खिट्टी पॅसेजच्या विरुद्ध अंगाला, वरून हात घालून उघडेल अशी. आणि लाकूड पावसाळ्यात फुगतं, तेव्हा चौकटीत थोडी मोकळीक ठेवायला सांगा, नाहीतर जुलैत दार अडकेल आणि तुम्ही ते उघडंच ठेवायला लागाल. काम फॅब्रिकेशनवाल्याला दिलंत तर तो हौसेने मधे कमळ नाहीतर मोर काढून देईल. ते नको म्हणा. मोराच्या पिसाऱ्यावर पाय ठेवून मुलं झकास चढतात.

कुणीतरी जुनं कोलॅप्सिबल गेट किंवा तसलीच सरकती लाकडी जाळी सुचवेल. तीही नको. त्या चौकोनी फटींत बोटं चिमटतात आणि डोकंही अडकू शकतं. अमेरिकेत लहान मुलांसाठी तशी मोठ्या फटींची घडीची गेटं बनवणं याच कारणाने १९८५ मध्ये बंद झालं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. काढून टाका किंवा गप्प बसा, असे दोनच पर्याय तुम्ही समोर धरलेत. दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. गेट नातवासाठी आहे, तेव्हा तुमची सोय हा मुद्दा गौण. मला हे उलटं वाटतं. गेट निवडताना घरातले सगळे बाळाकडे बघतात. बाळाला ते फक्त बंद असायला हवं. उघडायचं आणि परत लावायचं असतं तुम्हाला, दिवसातून पन्नास वेळा, कधी हातात वरणाचं पातेलं, कधी देवघराचं तबक, कधी कडेवर दहा किलोचा नातू. जे गेट तुम्हाला एका हाताने लावता येत नाही ते दुपारी बारापर्यंत उघडंच राहणार, मग ते कितीही महागाचं असो. आणि उघडं गेट नसलेल्या गेटपेक्षा वाईट. गेट नसलं तर सगळ्यांचं लक्ष असतं, असलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने लावलं असेल. तेव्हा तुमचा अंगठा आणि तुमचा गुडघा हीच या खरेदीची पहिली अट. ही अट मांडताना तुम्ही स्वतःसाठी काही मागताय असं समजू नका.

सुनेला हे सांगून पटवण्यापेक्षा करून बघायला लावा. रविवारी सकाळी तिला म्हणा, "अगं, याला कडेवर घे आणि एका हाताने हे गेट उघडून, पलीकडे जाऊन, परत लावून दाखव." दोन-तीनदा केलं की तिचं तिलाच कळेल. मुलालाही करायला लावा; त्याला बहुधा ही गेटं ओलांडून जायची सवय लागलेली असेल. उंच पुरुष हमखास तसं करतात आणि गेटवरून टांग टाकताना घसरून पडतातही. आजोबांना तर साफ मना करा.

वाड्याबद्दल. तुम्ही लिहिलंय ते मी खोटं मानत नाही. फक्त त्या जिन्याच्या आसपास कोण कोण असायचं, ते एकदा आठवून बघा. ओसरीवर कुणाचे तरी सासरे पेपर वाचत बसलेले. चौकात नळापाशी दोघी-तिघी. समोरच्या बिऱ्हाडातली दहा वर्षांची पोर तुमचं मूल कडेवर घेऊन मिरवतेय. मूल जिन्याकडे वळलं की चार दिशांनी "अरे अरे" व्हायचं. शिवाय कित्येक वाड्यांत माडीच्या जिन्याच्या तोंडाशी झडप असायची आणि दुपारी ती पाडून ठेवत. तुमच्या वाड्यात होती का? असेल तर ते गेटच होतं की, तेव्हा कुणाला त्याचा अपमान वाटला नाही. आणि तुम्ही तेव्हा पंचविशीत होता, "अगंबाई" म्हणायच्या आत तीन पायऱ्या चढून मूल उचलत होता. कुणाला खरचटलं नाही हे तुमच्याबाबतीत खरं आहे, पण ज्यांच्या घरी काही झालं ती माणसं हे वाक्य म्हणत नाहीत. ती याबद्दल बोलतच नाहीत.

सून तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, असं तुम्हाला वाटतंय. गेटावरून तसा निष्कर्ष काढू नका. हिंजवडीत बसलेल्या आईच्या हातात असतं काय? मागवता येईल ते ती मागवते. तुम्ही नातवाला नीट सांभाळता की नाही याचा तो निकाल नाही. जिना आहे, मूल आहे, आणि ते मूल तुम्ही वळून फोन उचलेपर्यंत तीन पायऱ्या चढलेलं असतं, एवढंच त्यात आहे. कॅमेऱ्याचं मात्र वेगळं आहे. दिवसभर मूल सांभाळलेल्या माणसाला संध्याकाळी पहिलं वाक्य "गेट उघडं होतं" हे ऐकावं लागलं, तर लागणारच. तिने आधी "आई, आज दमलात का" विचारलं असतं तर हे पत्र कदाचित आलंच नसतं. तेव्हा गेटाचं बोलणं आणि कॅमेऱ्याचं बोलणं एकाच बैठकीत करू नका. पहिलं चौघांत करा. दुसरं दोघीच असताना, शांतपणे, मुलाला मधे न घालता. "तू बघतेस याचं काही नाही, पण काही दिसलं तर त्याच वेळी फोन कर. संध्याकाळी हिशेब दिल्यासारखं वाटतं." इतकंच पुरे.

स्वयंपाकघराच्या गेटाचा नियम थोडा सैल करता येईल. जिन्याची गेटं कायम बंद, यात सूट नाही. स्वयंपाकघराचं गेट गॅस पेटलेला असेल तेव्हा बंद, एरवी भिंतीकडे पूर्ण उघडून अडकवून ठेवा. असा स्पष्ट नियम सगळ्यांनी मान्य केला तर कॅमेऱ्यात उघडं गेट दिसलं तरी कुणाला धक्का बसणार नाही. गॅस बंद असताना त्याला आत येऊ द्या, खालचा एक खण त्याचा करून टाका. वाट्या, डाव, एखादी चाळणी. जिन्याच्या खालचं गेट दाबून बसणारं राहिलं तरी चालेल, पण त्याच्या पट्टीवर भडक रंगाची टेप चिकटवा आणि दर रविवारी चारही दांडे पिळून बघा. हे काम आजोबांचं.

गेटाच्या नादात घरातल्या एका जागेकडे कुणाचंच लक्ष जात नाही, तिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. बाथरूम. गुरुवारी पाणी येणार नाही असं महापालिकेने कळवलं की पुण्यात बुधवारी रात्री घरातली प्रत्येक बादली, टब, पिंप काठोकाठ भरतं. चालायला लागलेल्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. पाण्यात हात घालायला ते बादलीवर वाकतं, तोल जातो, आणि त्याला स्वतःला मागे ओढून घेता येत नाही. बुडायला फार पाणी लागत नाही, नाक-तोंड झाकेल एवढं पुरतं. आणि त्याचा आवाज होत नाही, म्हणून शेजारच्या खोलीत बसून कळत नाही. इथे गेट उपयोगाचं नाही. बाथरूमच्या दाराला बाहेरून, तुमच्या खांद्याच्या उंचीवर एक साधी कडी लावून घ्या आणि दार कायम लावलेलं ठेवा. वापर झाला की बादली पालथी. साठवणीचं पाणी घट्ट झाकणाच्या पिंपात, उघड्या टबात नाही. तीन गेटांच्या खर्चापुढे ही कडी काहीच नाही, आणि तिच्यामुळे एखादा जीव वाचू शकतो.

गॅलरीत कठड्याजवळ कुंड्या, मोडे, जुन्या खुर्च्या असतील तर आत घ्या. आजोबांचा चहा टीपॉयवर ठेवलेला असतो का? चहा ओतल्यावर पंधरा मिनिटांनीही लहान मुलाची कातडी भाजण्याइतका गरम असू शकतो. कप वर ठेवायचा, टीपॉयवरचा कपडा काढून टाकायचा.

ही गेटं आयुष्यभराची नाहीत, हे लक्षात ठेवलंत तर पिंजऱ्याचं वाटणं थोडं कमी होईल. मूल साधारण दोन वर्षांचं झालं, किंवा त्याआधीच गेटवर चढायला वा खिट्टी उघडायला लागलं, की गेट काढायचं. चढणाऱ्या मुलाला गेट म्हणजे आणखी पाऊण मीटर उंचीवरून पडायची सोय. तोवर त्याला जिना शिकवायचा, पण ते काम तुमच्या गुडघ्यांचं नाही. संध्याकाळी आई किंवा बाबाने त्याच्या खालच्या पायरीवर बसायचं, त्याला पोटावर वळवायचं आणि "पाय आधी, पाय आधी" म्हणत उलटं उतरवायचं. सुरुवातीला तो पायाच्या अंगठ्याने खालची पायरी चाचपत राहील, सापडली नाही की चिडेल. पायरी पायाखाली आली की हसेल आणि लगेच परत वर चढू लागेल. ऑफिसातून दमून आलेल्या मुलाला-सुनेला यासाठी पंधरा मिनिटं काढता येतील. तुम्ही सोफ्यावर बसून बघा.

एक गोष्ट विचारू का? साडेआठ ते साडेसात म्हणजे अकरा तास. चौदा महिन्यांचं धावरं मूल, शस्त्रक्रिया झालेला गुडघा आणि जिन्याचं घर. गेटाच्या तक्रारीत थोडी ही दमणूकही आहे का? असेल तर गेट बदलून ती जाणार नाही. दुपारच्या तीन-चार तासांसाठी मदतीला एखादी बाई, किंवा अर्धा दिवस जवळचं पाळणाघर, हा विषय घरात निघायला काही हरकत नाही. तो तुम्ही काढलात म्हणून नातवावरचं प्रेम कमी होत नाही. पाळणाघर निवडताना मात्र तिथला जिना आणि बाथरूम आधी बघून या.

सगळं करूनही मुलं पडतात. नातू जिन्यावरून पडला आणि बेशुद्ध झाला, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झोपाळल्यासारखा वाटला आणि उठवून उठेना, झटका आला, किंवा नाका-कानातून रक्त वा पाणी आलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि मग मुलाला. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावून ठेवा, घाईत चष्मा सापडत नाही.

आणि वॉकर घेऊ नका. शेजारणीला वाईट वाटेल, पण नाहीच. चाकांवर बसलेलं मूल तुम्ही उठून पोचायच्या आत जिन्याकडे जातं, त्याचा हात वरच्या वस्तूंना पोचतो आणि त्यामुळे ते लवकर चालायला शिकतं असंही नाही. उलट, मूल जमिनीवर धडपडत चालायला शिकतं ते वॉकरमध्ये राहून जातं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. तुमच्या माळ्यावर मुलांचा जुना लाकडी पांगुळगाडा असेल तर तो काढा, त्याचे खिळे वर आलेत का बघा, चाकं फार सुटी फिरत असतील तर सुताराकडून थोडी घट्ट करून घ्या, तो गेटाचं काम करायला येणारच आहे. आणि जिन्याचं दार लावलेलं असताना, खालच्या हॉलमध्येच द्या.